वरची मूठ

वर्षश्राद्धाचं एक बरं असतं. रडायचं ते सगळं रडून झालेलं असतं, त्यामुळे जेवणं उरकली की माणसं मुद्द्याचं बोलायला मोकळी होतात. भिकुबाईंच्या वर्षश्राद्धाचा मुद्दा तर आठवडाभर आधीच ठरला होता. कुंदननं जळगावहून निघताना गाडीची डिकी रिकामी ठेवली होती, ती काही उगाच नाही.

अकरा वाजता गुरुजी गेले, साडेबाराला भाऊबंद जेवून पांगले. वैशाखाच्या शेवटी चोपड्याकडच्या त्या पायथ्याला असं ऊन असतं की सातपुडासुद्धा धुरकटून मागे सरकलेला दिसतो. वावरातल्या घरात आता घरचीच माणसं उरली होती. अभिमन आबा, त्यांचा मुलगा कुंदन, सून दिपमाला, अमळनेरला दिलेली लेक ज्योती आणि भिकुबाईंचे धाकटे भाऊ अमृत मामा. शेवटची पंगत यांचीच राहिली होती.

"वहिनी, तुम्ही पानं मांडा. मी एकेक गरम टाकते," ज्योती म्हणाली. गॅस होता, पण तिनं हट्टानं चूल पेटवली होती आणि घामानं निथळत होती.

दिपमालानं परातीतल्या पिठाकडे पाहिलं. "एवढी ज्वारी कुठून काढलीत? कोठीतली किडली होती ना?"

"कोठीत हात घातला तर सोंडेच सोंडे. आबांनी वर्षभरात एकदा ऊन दाखवलं नाही तिला. मग ही वरची टोपली उतरवली." ज्योतीनं चुलीवरच्या आढ्याकडे मान उडवली. तिथं आता नुसती दोरी लोंबत होती. "मायच्या हातची आहे. राख लावून ठेवलेली. काल आल्याआल्या चार पाणी धुतली, उन्हात टाकली आणि सकाळी गिरणीवर जाऊन आले. म्हटलं, आज तिच्या नावानं जेवायचं, तर भाकर तिच्याच ज्वारीची असू दे."

"बरं केलंत," दिपमाला म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली.

दिपमालाचा या घरात कोणाशीच उभा दावा नव्हता. तिला फक्त दिवाळी विसरता येत नव्हती. दिवाळीत आबा आठ दिवस जळगावातल्या पिंप्राळ्याच्या फ्लॅटमध्ये राहिले होते. सकाळी उठले की त्यांना चूळ भरायला बाहेर जायची सवय, आणि तिसऱ्या मजल्यावर बाहेर म्हणजे गॅलरी. तोंडात पाणी घेऊन ते गॅलरीत उभे राहायचे, खाली पार्किंगमधल्या स्कूटरींकडे बघायचे, आणि गाल फुगवलेल्या अवस्थेत पुन्हा आत येऊन बेसिनशी वाकायचे. रोज. आठही दिवस. तिनं हे कुंदनला सांगितलं तेव्हा तो हसला होता. तिला हसू आलं नव्हतं. म्हातारा माणूस जड होत नाही, त्याचं असं उभं राहणं जड होतं, हे नवऱ्याला कसं समजवायचं ते तिला कळलं नव्हतं.

पानं मांडली. आबा भिंतीला पाठ लावून बसले. शेजारी अमृत मामा, समोर कुंदन. उडदाचे वडे, खीर, कढी, गंगाफळाची भाजी. ज्योतीनं आधी आबांच्या पानात भाकर टाकली, तव्यावरून थेट.

आबांनी तुकडा मोडला, कढीत बुडवला आणि तोंडात घातला.

धूर. चार पाण्यांनीही न गेलेला, दोन वर्षांच्या चुलीचा धूर. आबांनी तो घास तोंडात तसाच धरला. मग मान न उचलता डोळे वर केले. चुलीवरची दोरी रिकामी होती.

ते बियाणं होतं. भिकुबाईंनी जाण्याआधीच्या हंगामात स्वतः कणसं निवडून, राखेत घोळवून ठेवलेलं. मागच्या साली पेरणीच्या तोंडावर त्या गेल्या, त्यामुळे ते तसंच राहिलं. यंदा पेरलं नाही तर ते उगवणार नव्हतं, म्हणून आबांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी टोपली उतरवून चिमूटभर दाणे काढले होते, ओल्या फडक्यात बांधले होते. दहातले आठ उगवले. त्या दिवशी ते इतके खूश झाले की हाक मारायला वळले होते, आणि मग आठवलं की कोणाला मारणार.

आता काय करायचं? ताट सरकवायचं? लेक तव्याशी उभी होती, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आबांनी घास चावला. गिळला. अख्खी भाकर संपवली.

"आखो एक दे वं, बाई," ते म्हणाले.

ज्योतीचा चेहरा असा उजळला की बघवेना. वर्षभरात आबांनी दुसरी भाकर कोणाकडेही मागितली नव्हती.

"अक्काना हातनी चव शे हो," अमृत मामा म्हणाले आणि त्यांनीही दुसरी मागितली.

कुंदनला भाकरीत विशेष काही कळलं नाही. त्याचं लक्ष आबांना जळगावला न्यायचं बोलणं कुठून सुरू करावं याकडे होतं. ठिबकच्या नळ्या विकण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, दहा एकरवाल्याला पंधरा एकराचा संच तो सहज गळ्यात मारायचा, पण बापासमोर त्याची जीभ अजून शाळकरी पोराची व्हायची. त्यानं सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आबा म्हणतील, बैलजोडीचं काय? मामा सांभाळतील. घराचं काय? कुलूप लावू. आणि शेवटी आबा तेच म्हणतील, जे दिवाळीपासून म्हणत होते: "भिकीनं बी पेरी लिसू, मंग दखसूत." त्याचं उत्तर मात्र कुंदनकडे नव्हतं.

कारण भिकीचं बी म्हणजे मायचा तुकडा. डोंगराला टेकलेली उताराची दोन एकर. एकोणीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या पावसात त्या तुकड्यातली माती नाल्यानं वाहून गेली आणि खाली दगड उघडे पडले. आबा डोक्याला हात लावून बसले. भिकुबाई उठल्या आणि वरच्या पावरा आदिवासींच्या पाड्यावर चालत गेल्या. एवढं पाणी पडून त्या लोकांची माती जागेवर कशी राहिली, हे बघायला. तिथं त्यांना गेंदीबाई भेटली. मग उताराला आडव्या दगडांच्या ओळी आल्या, मधलं मोहाचं झाड तोडायचं राहिलं, आणि एकाच वावरात ज्वारी, तूर, उडीद, तीळ, चवळी, अंबाडी असलं नऊ जातींचं बी पडायला लागलं. गावानं खूप थट्टा केली. भिकुबाई पावरीण झाली म्हणाले. आबा तर सगळ्यात पुढे, "डोंगरवाल्यास्नी मास्तरीन" म्हणून हाक मारायचे. पुढे दोन साल पावसानं दगा दिला, आबांचा कापूस वाळला आणि मायच्या तुकड्यातून घराची ज्वारी निघाली, तेव्हा थट्टा थांबली. शिकणं मात्र एकट्या भिकुबाईंचंच राहिलं.

रावेरकडच्या नवीनशेठला केळीसाठी जमीन हवी होती. त्याची एकच अट होती. उताराचा तुकडा सपाट करून हवा. ओळी उचलायच्या, मोह काढायचा, जेसीबीचं दोन दिवसांचं काम.

"आबा," कुंदननं सुरुवात केली, "नवीनशेठचा सकाळी फोन आला होता."

"हं."

"मृगाच्या आत जमीन तयार पाहिजे म्हणतात. आता तुम्ही इथं एकटे. रात्री-बेरात्री काही झालं तर हाक ऐकायला कोण आहे? मामा, तुम्हीच सांगा."

अमृत मामांनी ज्योतीकडे बघायचं टाळलं. सकाळीच त्यांनी तिला शब्द दिला होता, "मी शे ना, दाजीस्ले कोठेच जाऊ देत नही." पण मधल्या वेळात कुंदननं त्यांना बाजूला घेऊन नवीन त्यांचीही चार एकर बघतोय, असं सांगितलं होतं. मामा खाकरले. "दाजी, पोऱ्या खोटं नही बोलस. आते वय झायं. अक्का व्हती तवय गोष्ट आलग व्हती."

"मामा!" ज्योती चुलीपासून म्हणाली.

"तू गप ऱ्हाय वं. तू अमळनेरले, तो जळगावले. आठे कोन शे?"

आबांनी ताटातला शेवटचा तुकडा उचलला, कढी पुसून घेतली. हात धुतले. पाणी प्यायले.

"जळगावले येस मी," ते म्हणाले. "कवय निंघनं शे?"

कुंदनच्या सगळ्या तयार उत्तरांना प्रश्नच उरला नाही. "आज संध्याकाळी," तो अडखळत म्हणाला, "म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर."

"चालस."

जिंकलेल्या माणसानं जरा तरी ताठ बसायला हवं. कुंदन मान खाली घालून भाजी चिवडत राहिला. आपण काहीतरी मिळवलं की काहीतरी मोडलं, हे त्याला कळेना, आणि विचारायचं धाडसही होईना. दिपमालानं रिकामी वाटी उचलली आणि आत गेली.

ज्योतीनं आबांना गोठ्याशी गाठलं. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"आबा, काय व्हयनं तुमले? सहा महिना झायात, तुम्हीन नही म्हनी राहिनात. मी त्यासनासंगे भांडी राहिनू तुमनाकरता. आणि आज एकदम येस?"

अंगणात एक टोकदार काठी जमिनीत रोवलेली होती आणि तिच्यावर बांबूची टोपली उलटी वाळत घातली होती. ज्योतीनंच सकाळी घासून ठेवली होती. आबांनी तिकडे बोट केलं.

"त्यामा काय व्हतं?"

"ज्वारी."

"बी व्हतं, बाई."

ज्योती टोपलीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला, अपराध अंगावर येताना माणसाचा चढतो तसा. "पण तोंड उघडं होतं तिचं! माय बियाण्याचं तोंड शेणानं लिंपायची, वर पाच बोटं उठवायची. लिंपलेलं ते पेरायचं, उघडं ते खायचं. लहानपणापासून हेच सांगितलं तिनं मला. मी बघून घेतलं, आबा. लिंपलेलं नव्हतं!"

"मीच उघाडेल व्हतं. आखाजीले. दाना उगतस का ते दखाले."

"मग परत लिंपलं का नाही?"

"येस नही माले," आबा म्हणाले. "शेन कितलं, राख कितली, पानी कितलं. बावन साल ती मना सामने लिंपे. तिनी कधी सांगं नही. मी कधी इचारं नही."

ज्योती खाली बसली. तिच्या हातांना अजून पीठ होतं. ते हात तिनं पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग तोंडावर धरून ती रडायला लागली. सकाळी गुरुजींसमोर रडली नव्हती इतकी.

"रडू नको. कोनले सांगू बी नको," आबा म्हणाले. "गोड लागनी भाकर."

चारच्या सुमाराला गेंदीबाई पाड्यावरून उतरली. डोक्यावर गाठोडं, पायात टायरच्या चपला, अंगानं काटकी. तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. ती ओट्याशी आली, भिकुबाईंच्या हार घातलेल्या फोटोकडे तिनं एकदाच पाहिलं आणि खाली बसायला लागली.

"खाटवर बस," आबा म्हणाले. भिकुबाई तिला खाटेवरच बसवायच्या, आणि आबा तेव्हा उठून बैलांकडे जायचे. आज ते उठले नाहीत.

गेंदीबाई खाटेच्या कडेला टेकली. "मांगला साले उनू नही. घर दुखमा व्हतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती खालची बोली बोलायला शिकली होती, भिकुबाई जशा तिच्या बोलीतली गाणी शिकल्या होत्या. "त्याना पहिले भिकीनी टोपलीभर बी माले दियेल व्हतं. मी पेरं. आते फेडाले उनू. टोपली द्या."

पाड्यावरची रीत अशी होती. बी विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही. ज्या टोपलीनं न्यायचं, त्याच टोपलीनं मोजून परत करायचं आणि वर एक मूठ जास्त घालायची. आणि सगळं बी एका घरात कधी ठेवायचं नाही. घर जळतं, उंदीर लागतात, माणूस मरतं. चार घरांत असलं तर एका घरात तरी उरतं. भिकुबाईंनी ही रीत उचलली तेव्हा आबा म्हणाले होते, घरातलं सोनं लोकांच्या घरी ठेवणारी बाई पहिल्यांदाच बघितली.

ज्योतीनं टोपली आणून दिली. गेंदीबाईनं ती नाकाशी नेली. बोट फिरवलं. राख नव्हती, धूर नव्हता, धुतलेल्या बांबूचा वास येत होता. तिनं ज्योतीकडे पाहिलं.

ज्योतीनं सगळं सांगितलं. अंगणात, सगळ्यांसमोर. आबांनी नको म्हटलं होतं तरी. कुंदनला तेव्हा कळलं की दुपारी आपण नेमकं काय जिंकलो होतो. दिपमालानं दारातच भिंतीला हात टेकला.

"मंग त्यामा काय येवढं?" मामा म्हणाले. "दुकानमा पिशवी भेटस."



"भाकर उरेल शे का?" गेंदीबाईनं विचारलं.

ज्योतीनं ताटलीत भाकर आणून दिली. गेंदीबाईनं कोरडीच खाल्ली, सावकाश, शेवटचा कण तळहातावरून उचलेपर्यंत. "चांगली भाजनी," ती म्हणाली. "भिकी ऱ्हाती ते तुले झोडती. मी नही झोडस." आणि दात नसलेल्या तोंडानं हसली. ज्योतीला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग गेंदीबाईनं गाठोडं सोडलं. तांबूस, राखेत घोळलेली ज्वारी टोपलीत ओतत गेली. टोपली काठोकाठ भरली. हातानं वरचा भाग सपाट केला. फडक्यात मूठभर उरली.

"कोन पेरी?" तिनं विचारलं.



"आजी, ठेवून जा ना," कुंदन म्हणाला. त्याला आता खरोखर ते बी घरात हवं होतं. "आम्ही बघू काय करायचं ते."

"बी दखाले नही ऱ्हास, भाऊ. आखो एक साल बठनं की मरी जास. ज्या घरमा पेरतस नही त्या घरमा मी ठेवस नही. दुसरं घर दखसू."

"आबा," ज्योती म्हणाली, "पेरा ना तुम्ही! बी आलं की परत. आता कशाला जायचं?"

आबांनी टोपलीकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"चाड्यावर कोन?" ते म्हणाले.

पेरणीला माणसं दोन लागतात. एक बैलांमागे चालतो, दुसरं तिफणीमागून चालत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरतं, दाणा दाणा सोडत. मूठ सैल पडली की बी दाट पडतं, घट्ट झाली की ओळ रिकामी जाते. बावन्न वर्षं आबा पुढे बघून चालले आणि मागे भिकुबाईंची मूठ होती. त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही, कारण कधी गरजच पडली नाही.

"बैल मी हाकसू. चाड्यावर कोन?"

ज्योतीनं तोंड उघडलं. ती शिकवायची ती शाळा जूनमध्ये सुरू होते. त्याआधी प्रशिक्षण. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा तारखेला. पाऊस कधी पडेल ते कोणी सांगावं? तो पडला की दोन दिवसांत यायला हवं. ती मनातल्या मनात वार लावत राहिली, एकही वार लागेना, आणि उघडलेलं तोंड तिनं मिटलं. आबांनी ते पाहिलं. तिलाही कळलं की त्यांनी पाहिलं. आयुष्यभर आपण आबांच्या बाजूच्या आहोत असं ती समजत आली होती, आणि बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे चार दिवस नव्हते.

दिपमालानं कुंदनकडे पाहिलं. कुंदननं मोबाइलकडे पाहिलं. मामांना बिड्या कुठं ठेवल्यात ते आठवेना.

"मी जबान दियेल शे आंडोरले," आबा शेवटी मुलाकडे बघून म्हणाले. "लई जाय, गेंदी. ज्याना घरमा हात शेतस त्याले दे."

गेंदीबाईनं वाद घातला नाही. रागावलीही नाही. टोपलीतलं बी परत फडक्याच्या एका बाजूला ओतून तिनं गाठ मारली. मग उरलेली मूठ घेतली, आबांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला, उलटा केला आणि ती मूठ त्यांच्या तळहातावर रिकामी केली.

"हाई काय?"

"टोपलीभर बी मी लेयेल व्हतं, ते मी नेस. वरली मूठ भिकीनी शे. वरली मूठ परत जास नही."

"एवढासाना काय करू मी?"

"माले काय माहीत? तुनी शे," ती म्हणाली, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन पायवाटेला लागली. मोहाशी ती क्षणभर थांबलेली दिसली, मग ओळींच्या दगडांवरून चढत गेली.

साडेपाचला सामान गाडीत चढलं. दोन पिशव्या, घोंगडी, औषधांचा डबा, भिकुबाईंचा फोटो. ज्योतीला चोपड्याच्या स्टँडवर सोडायचं ठरलं. आबा ओट्यावर बसून होते, उजवी मूठ मिटलेली. दिपमालानं चहा दिला तेव्हा त्यांनी कप डाव्या हातानं घेतला. मग ती हळूच म्हणाली, "आबा, तिकडे गॅलरीत कुंडी आणू आपण. मोठी."

सुनेच्या बोलण्यात माया होती. आबांना ती समजली. कुंडीही दिसली, आणि कुंडीमागचे गज दिसले, आणि तोंडात पाणी धरून उभा राहिलेला म्हातारा दिसला.

"चला, आबा," कुंदननं गाडीचं दार उघडून धरलं.

आबा उठले. अंगणात आले. तिथं ती काठी अजून रोवलेली होती, वरची टोपली काढली तरी. ज्योतीला ती दारामागे सापडली होती आणि टोपली वाळवायला बरी म्हणून तिनं ती वापरली होती. आबांनी ती ओळखली. पाड्यावरच्या बायका जिथं नांगर चढत नाही अशा उतारावर असल्या काठीनं भोक पाडतात, दोन दाणे टाकतात आणि टाचेनं माती लोटतात. एका साली आबा तापानं पडले होते, बैल उभे होते, तेव्हा भिकुबाईंनी ही काठी वरून आणली आणि एकट्यानं अर्धा तुकडा टोबून काढला. खाटेवरून आबांनी थट्टा केली होती, "कोंबडी उकरस तसं करी राहिनी." त्या साली ती ज्वारी डोक्याच्या वर गेली.

आबांनी डाव्या हातानं काठी उपटली.

"कुंदन, फोटो उतार."

"म्हणजे?"

"फोटो उतार. पिशव्या बी. मी येस नही."

"आबा, शब्द दिलाय तुम्ही! मामांसमोर!"

"दिधा व्हता. आते परत लेस."

"अहो पण एकटे तुम्ही काय पेरणार? चाड्यावर कोणी नाही, हे तुम्हीच म्हणालात ना?"

आबांनी उजवी मूठ उघडली. घामानं दाणे तळहाताला चिकटले होते, राख रेषांत बसली होती. "टोपलीले दोन मानसे लागतस," ते म्हणाले. "मूठभर पेराले मी एकलाच पुरस."

आणि मायच्या तुकड्याला कोणी हात लावायचा नाही, बाकीचं वावर नवीनला द्यायचं तर द्या, हेही त्यांनी सांगितलं. कुंदन चिडला. बोलला बरंच. मामांनी शिष्टाई करून पाहिली. दिपमालानंच शेवटी फोटो उतरवला, घरात नेऊन खुंटीला लावला आणि जाताना आबांच्या पाया पडली. गाडीत बसताना ज्योती म्हणाली, "मी येईन, आबा," आणि आबा म्हणाले, "येजो." दोघांनाही ठाऊक होतं की ती आली तर दिवाळीलाच येईल.

गाडी गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. मामाही सायकल घेऊन गेले, आणि अंगणात खाटा तशाच पडून राहिल्या.

पाऊस यायला अजून तीन आठवडे तरी होते. तोवर बी राखायला हवं होतं. आबांनी मडकं शोधलं, चुलीतली थंड राख घेतली, दाणे घोळवून आत टाकले आणि वर कडुलिंबाचा पाला ठेवला. मग गोठ्यातून शेण आणलं. पाणी ओतलं. कालवलं. मडक्याच्या तोंडावर फडकं बांधून त्यावर लिंपलं आणि भिकुबाई उठवायच्या तशी पाच बोटं उठवायला गेले. शेण सरकलं. कडेनं ओघळून खाली आलं.

"भिके," ते चुलीकडे तोंड करून म्हणाले, "पातय व्हयनं का वं?"

मग त्यांनी आपल्याच अकलेनं त्यात आणखी थोडं शेण घातलं.